क्वेकर्स हिलचा राजा

काशीनाथने आफ्रिकेतल्या मालीचं साम्राज्य हा विषय निवडला ते काही इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. २००८ साल, सिडनीत स्टुडंट व्हिसावाल्यांची नुसती रीघ. युनीत कॉमर्ससोबत एक बाहेरचा विषय घ्यावाच लागे, आणि त्याच्या पेट्रोल पंपाच्या शिफ्टला आडवं न येणारं ट्युटोरियल तेवढं एकच होतं. पण वाचता वाचता गडी पेटला. राजा सुलेमान वारला, त्याचा मुलगा कासा तख्तावर बसला. तर सुलेमानच्या थोरल्या भावाचा नातू मारी जाटा उठला, लढला, आणि कासाचा निकाल लावून राजा झाला. "बरोब्बर केलं!" काशीनाथने टेबलावर हात आपटला. "थोरल्यांचा मान पहिला!"

एवढा आवेश कशाला, ते ऐका. क्वेकर्स हिलच्या भाड्याच्या घरात सहा मराठी पोरं दाटीवाटीने राहायची. एकट्याची खोली एकच, ती नरेंद्रची, कारण घर त्याने मिळवलेलं. नरेंद्रला पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळाला आणि स्वारी ब्रिस्बेनला निघाली. आता खोली कुणाला? त्याचा चुलतभाऊ यतिन म्हणाला, मला. काशीनाथ तर सगळ्यांत जुना, दोन वर्षं हॉलमध्ये झोपलेला. शिवाय पुढच्या महिन्यात त्याची बायको अपर्णा यायची होती. लग्नानंतर आठवडाभरात विमानात बसलेल्या या नवरोबाने तिला एकच शब्द दिला होता: आपल्याला दार असेल.

दर चौदा एप्रिलला लोकशाहीवर घसा फोडून बोलणारा हा माणूस, खोलीसाठी कुणी मतदानाचं नाव काढलं की बिथरायचा. "सिनिऑरिटी म्हणजे सिनिऑरिटी, मेट!" यतिनने त्याचं दूध संपवलं, याने यतिनचा कुकर लपवला. शेवटी यतिनच वैतागला. "घे बाबा, नो वरीज. हो राजा!"

राजा झाला आणि डोक्यात हवा गेली. भांडी घासणं बंद! त्या घराची एक रीत होती. लीजवर नावं तिघांची. म्हणून एजंट पाहणीला यायच्या दिवशी जास्तीच्या मॅट्रेस सगळ्यांनी मिळून गाडीत कोंबायच्या आणि पार्कात जाऊन बसायचं. या वेळी काशीनाथ खोलीतून उठलाच नाही. "ते हॉलवाल्यांचं काम," म्हणाला.

"राजाचं घर, राजा बघेल," यतिन म्हणाला आणि बाकीच्यांना घेऊन चालता झाला.

एजंटबाई आली, हॉलभर पसरलेल्या मॅट्रेस बघून गोड हसली, आणि दोन दिवसांत सगळ्यांना घर सोडायची नोटीस आली.

त्याच आठवड्यात त्याच्या मालीवरच्या निबंधाला डिस्टिंक्शन मिळालं. ट्युटरने शेरा मारला होता: जाटाची बाजू जोरदार, पण राज्य हाती आल्यावर त्याने खजिना उधळला म्हणतात, ते कसं राहिलं?

आर्व्होला, म्हणजे दुपारी, अपर्णाचा फोन आला. "मिळाली का रे खोली?"

"मिळाली," काशीनाथ म्हणाला. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती त्याला.

"अय्या! मग खिडकीचं माप सांग ना. पडदे शिवायला टाकते."

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ती पलीकडे कागद-पेन शोधत होती. तो उठला आणि वितीने खिडकी मोजायला लागला.