लोखंडी माणसाच्या पोटात कोण

थोरल्या बहिणीला सासरी पाठवायचा दिवस ठरला तेव्हा घरात रडली ती आई. ताई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "शनिवारच्या आधी की नंतर?"

शनिवारी दुपारी सोलापुरात आमच्या पेठेमागच्या पत्र्याच्या थेटरात लोखंडी माणसाचा खेळ असे. परदेशातून आलेला मूकपट, भागाभागांनी दाखवायचा. प्रत्येक भाग नेमका अशा जागी तोडलेला की घरी येऊन घास गोड लागू नये. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं चालताबोलता लोखंडी माणूस घडवलेला असतो. कोणीतरी तो पळवतं, आणि मग तो लोकांच्या घरांत शिरून नकाशे नि यंत्रांचे भाग उचलून नेऊ लागतो. तो आपला आपण चालतो, की त्याच्या पोटात कोणी बसलेलं आहे? हे काही केल्या कळत नव्हतं, आणि त्यावाचून गावातल्या निम्म्या लोकांचं अडलं होतं.

आम्ही जायचो ते शेजारच्या मागवाल्यांच्या सुनेबरोबर. तिच्या घरात चार माग खडखडत असायचे, बोलणं सगळं तेलुगू. पण आमच्याशी ती झकास मराठी बोले. बायकांच्या बाकांपुढे पडदा असे, दिवे गेले की तो सारायचा. पांढऱ्या पडद्याशेजारी एक गृहस्थ वेताची छडी घेऊन उभे राहत आणि त्यावर उमटणाऱ्या इंग्रजी पाट्यांचा अर्थ सांगत. आधी मराठीत, मग तेलुगूत, शेवटी दखनीत. तोवर पुढची पाटी येऊन गेलेली असे, त्यामुळे तेलुगूत अर्थ निम्माच उरे आणि दखनीत नुसता जोश. मराठीत जो शास्त्रज्ञ खेळातल्या नायिकेचा बाप होता, तो तेलुगूत कधी मामा झाला ते त्या गृहस्थांनाही ठाऊक नसावं. मागवाल्यांच्या सुनेनं मात्र ते पक्कं धरलं.

"शेवटी त्या दोघांचं लग्न लागतंय बघ," ती म्हणाली.

"अगं, केवढा म्हातारा आहे तो!"

"म्हातारा झाला म्हणून काय, मामा हाय की!" त्यांच्यात मामाशी लग्न लागतं, त्यामुळे तिच्या दृष्टीनं गोष्ट तिथंच मिटली होती.

मग तो भोंग्याचा शनिवार आला. लोखंडी माणूस जिना चढून शास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. पडद्याखाली बसलेला पेटीवाला ऐन वेळी सूर थांबवण्यात पटाईत होता. त्यानं भाता सोडला. थेटर चिडीचूप. लोखंडी माणसानं जबडा उघडला, आणि त्याच क्षणी बाहेर गिरणीचा भोंगा झाला. पत्रे थरथरले. पडद्यावरच्या त्यानं मान वर केली, जरा थांबला, पाठ फिरवली आणि दार ओढून घेऊन निघून गेला.

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! दुसरं कुठलं गाव असतं तर हसलं असतं. आमचं गाव भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं. लोखंडी माणूस गिरणीचाच आहे, पाळी सुटली म्हणून घरी गेला, याबद्दल कोणाच्या मनात शंकाच उरली नाही. चहाच्या दुकानात वाद रंगू लागले. कोणी म्हणे आत कामगारांवरचा जॉबर बसलाय. कोणी म्हणे, मालकांनी मुंबईहून असले शंभर मागवलेत, आता माणसं काढून हेच उभे करणार. आणि हे बोलताना त्याचा चेहरा खरोखरच उतरलेला असे.

मी इंग्रजी शाळेत जात होते, पाट्या मला अर्ध्यामुर्ध्या लागत, त्यामुळे माझं नाक सदा वर. "भोंगा आपल्या गिरणीचा होता, खेळातला नव्हे," मी कंठशोष केला. "आणि आत कोणीच नाही. नुसत्या तारा आणि चाकं."

"आत बाई आहे," ताई म्हणाली.

"कशावरून?"

"जाताना दार लावून गेला. पुरुष कधी दार लावून जातो का?"

 आमचे वडीलसुद्धा घरातून निघाले की दार सताड उघडं टाकून जात.

आणि अशातच व्याह्यांकडून बोलावणं आलं. ताईचं लग्न आदल्या वर्षीच झालं होतं, करकंबला नांदायला जाणं तेवढं राहिलं होतं. निघायचा दिवस ठरला गुरुवार, आणि शेवटचा भाग त्यानंतरच्या शनिवारी. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा वडिलांकडे काही मागितलं. दोन-चार दिवस थांबू द्या, म्हणाली.

"व्याह्यांना कारण काय कळवू?" वडील म्हणाले. "लोखंडी माणूस अडून बसलाय म्हणून?" वडील कोर्टात कारकून होते. ज्याला त्याला पुढची तारीख देण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःच्या लेकीला काही त्यांच्यानं तारीख देववली नाही. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

टांग्यात बसताना ताईनं माझा हात घट्ट धरला. "नीट बघ हं. आत कोण होतं ते तू स्वतः येऊन सांग. दुसऱ्या कोणाकडून मला कळायला नको."  तेव्हा मात्र मला भडभडून आलं.

शनिवारी मी आणि मागवाल्यांची सून, दोघीच गेलो. शेवटी लोखंडी माणूस कड्यावरून कोसळला, छातीची झडप उघडून पडली. आत चाकं होती, तारा होत्या, एक स्प्रिंग अजून फिरत होती. बाकी कोणी नाही. माझंच खरं झालं होतं, आणि मला सपशेल हरल्यासारखं वाटत होतं. शेजारी मागवाल्यांची सूनही धुसफुसत होती, कारण मामाचं लग्न काही लागलं नव्हतं.

मेच्या सुट्टीत मी करकंबला गेले. कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीनं, मग बैलगाडीनं. सगळ्या वाटेत मी शब्द जुळवत होते. आत कोणी नव्हतं हे ताईला सांगायचं कसं? तिच्या पत्रांत 'सर्व खुशाल' याखेरीज काही नसे; सासरची पत्रं टपालात पडण्याआधी सगळं घर वाचतं.

ताई वाळली होती. डोक्यावरून पदर, नजर खाली, जेवताना अवाक्षर नाही. मला वाटलं, ही आता हसायची नाही. दुपारी मागच्या पडवीत आजूबाजूच्या बायका जमल्या. पेरणीसाठी शेंगा फोडून बियाणं करायचं होतं. सुपं भरली, बोटं चालू झाली, आणि ताईची सासू, जिच्यापुढे मांजरही दबून चाले, ती म्हणाली, "हं, सांग की आता. तळघरात शिरला, मग फुडं?"

आणि ताई सांगू लागली. मी बघतच राहिले. यातलं काही मी थेटरात पाहिलं नव्हतं. लोखंडी माणूस ओढा ओलांडत होता, उसाच्या फडात लपत होता, आणि भोंगा झाला की जिथं असेल तिथून परत फिरत होता. भोंगा तर ताई तोंडानं असा काढायची की गोठ्यातली म्हैस कान टवकारी.

"आत त्या म्हाताऱ्याच्या पोरीचा नवराच हाय बगा," एक जण म्हणाली.

"न्हाय गं, सासू आसंल. त्याबिगर अशी सारकी घरात शिरंल व्हय?" दुसरीनं म्हटलं, आणि ताईच्या सासूसकट सगळ्या हसल्या.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं. "ही पोर सोलापूरची हाय की! हिनं शेवट बगितला आसंल. सांग गं, आत कोन हाय?"

सगळी बोटं थांबली. ताईचीही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते तिला वाचता आलं असावं. ती चटकन म्हणाली, "तिला काय विचारता? तिच्या मते आत कोणीच नाही."

"कोनीच न्हाय? मग दार कोन लावतंय, बाई?" पडवीभर हशा पिकला. शेवट पाहिलेली मी एकटी, आणि सगळ्या हसत होत्या मला! त्या हशात ताईही होती. तिचा पदर खांद्यावर घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

दिवेलागणीला परसात आम्ही दोघीच उरलो, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "खरंच कोणी नव्हतं?"

"नाही गं ताई. रिकामा होता."

 ती टरफलांचा ढीग पायानं सारखा करत राहिली. "रिकामा होता ना," शेवटी म्हणाली, "मग मी कुठं खोटं सांगते त्यांना? जागा होती, मी जाऊन बसले."

आतून सासूची हाक आली. ताईनं पदर डोक्यावर घेतला आणि ती चूल पेटवायला आत गेली. जाताना तिनं दार ओढून घेतलं.