गच्चीवरचं नारळपाणी

डायलिसिस सुरू झाल्यावर दोस्तांनी मला बोलावणं हळूहळू बंद केलं. आमची सगळी दोस्ती खाण्यावर उभी होती, आणि मला टमाटर नको, केळं नको, शेव नको, बटाटा उकळून पाणी फेकल्याशिवाय नको. पाणी तर आई मोजून द्यायची. जीभ टाळूला चिकटायची.

म्हणून कॉलेजच्या एका मित्रानं विजय नगरच्या त्याच्या फ्लॅटच्या गच्चीवर गराडू, थंडीतला तो तळलेला कंद, खायला बोलावलं, तेव्हा सकाळी डायलिसिस होऊनही मी निघालो. शेजारच्या बेडवर डायलिसिस घेणारी मुलगी माझी मैत्रीण झाली होती. ती म्हणाली, "एकटा नको जाऊस. मी पण येते. दोघं मिळून त्यांना खाताना बघू."

थंडीतलं ऊन होतं. कढईत गराडूच्या फोडी तळल्या जात होत्या, बाटल्या दुपारीच उघडल्या होत्या. आम्ही दोघांनी घरून आणलेले पोळीभाजीचे डबे उघडले. यजमान मित्राला ते लागलं असावं. तो नारळपाण्याचा ग्लास घेऊन आला.

"पी ले भिया, नारियल पानी है, दारू थोड़ी है. बीमारों को ही तो देते हैं."

"नहीं चलता यार. पोटॅशियम बढ़ता है, दिल बंद हो सकता है."

"एक गिलास से कोई नहीं मरता."

सगळे हसले. त्यानं माझा जबडा धरला, दुसऱ्यानं मागून खांदे दाबले. ग्लासची कड दातांवर आपटली, ओठ फाटला, नारळपाणी नाकात गेलं. खरं सांगतो, माझ्या घशाला ते हवं होतं. एक घोट गेलाही. मग मी त्याच्या अंगठ्याला चावलो, दातांना हाड लागेपर्यंत. तो ओरडला आणि त्यानं माझा डावा हात पिरगाळला.

मी त्या हातावर जगत होतो. ऑपरेशन करून त्यातल्या रक्तवाहिन्या जोडल्या होत्या, तिथूनच माझं रक्त मशीनमध्ये जायचं. सकाळच्या सुयांची भोकं अजून कच्ची होती. पट्टी सुटली आणि रक्ताची चिळकांडी त्याच्या शर्टावर उडाली, कढईत उडाली. तेल तडतडलं.

मैत्रिणीनं प्लास्टिकची खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर हाणली. नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला. खुर्ची टाकून ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली, दोन बोटांनी माझा हात दाबून धरला आणि किंचाळली, "कोई पास आया तो जान से मार दूँगी!" कोणी आलं नाही. हॉस्पिटल येईपर्यंत तिनं बोटं काढली नाहीत.

रक्त थांबलं, पण जोडलेल्या रक्तवाहिनीवर बोट ठेवलं की रक्ताची थरथर लागायची, ती दुसऱ्या दिवशी बंद झाली. आत गुठळी झाली होती. डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागली, पुढे उजव्या हातावर पुन्हा ऑपरेशन झालं.

मित्र नाकाला पट्टी लावून सुदामा नगरला आमच्या घरी आला. "मार ले भिया," म्हणाला, "जितना मारना है, मार ले."

मी जाऊ दे म्हणेन, असं त्याला वाटलं असेल. मी डाव्या हातानं मारलं. त्यात आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. पट्टीवरच मारलं, पुन्हा रक्त आलं, आणि मला बरं वाटलं. आई दारात उभी होती. तिनं मला आवरलं नाही. मी दमून खाली बसलो तेव्हा ती त्याला म्हणाली, "आता जा बेटा. परत येऊ नकोस."

तो आला नाही. गच्चीवरचं दुसरं कोणीही आलं नाही.

उजवा हात बरा झाल्यावर मी मैत्रिणीच्या बहिणीच्या साखरपुड्याला राजेंद्र नगरला गेलो. पंगतीत एक काका आग्रह करकरून माझ्या पानात आमरस वाढायला वाकले. "नको म्हणाला ना तो!" मैत्रीण इतक्या जोरात ओरडली की अख्खी पंगत वळून बघायला लागली. काका पुढे सरकले. मग आम्ही दोघांनी भात कालवला आणि जेवलो.