नाक्याची चाबी

त्या वर्षी घरात सुतक आणि गावात निवडणूक, दोन्ही एकदमच आली. मोठा भाऊ तापाने गेला होता. दारात येणाऱ्यांपैकी कोण भावासाठी आलंय आणि कोण मतासाठी, हे ओळखणं अवघड नव्हतं. भावासाठी आलेले लोक गप्प बसत.

आमचा चांदा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. आम्ही होतो तिथेच होतो, सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, धानाच्या बांध्यांमध्ये. मी तेव्हा वरोऱ्याला शाळेत शिकवत असे. लोकशाही या विषयावर माझं बरंच वाचन झालेलं होतं. निरोप मिळून घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला रडू आलं नाही. भाजीत मीठ आहे की नाही, हे मात्र पुढे कितीतरी दिवस कळत नव्हतं.

काय झालं ते वहिनीने एकदाच सांगितलं. ताप डोक्यात गेला तेव्हा तिने भावाला बैलगाडीत घातलं आणि गाडीवानाला घेऊन सिंदेवाहीच्या डॉक्टरकडे निघाली. वाटेत जंगलाचा नाका लागतो. चोरून लाकूड जाऊ नये म्हणून अंधार पडला की रस्त्यावर आडवा दांडा पडे आणि त्याला कुलूप लागे. नाक्यावर कोणी नव्हतं, कुठे दिवाही दिसत नव्हता, म्हणून हाक मारावी असं तिला सुचलं नाही. दोन्ही बाजूंना खंदक, त्यातून गाडी निघेना. भाऊ अंगाने भरलेला, दोघांनी उचलून नेण्यासारखा नव्हता. ती उजाडेपर्यंत दांड्यापाशी बसून राहिली. सकाळी नाकेदार आला, त्याने लगबगीने कुलूप काढलं, वर गाडीला हातही लावला. तो काही वाईट माणूस नव्हता. डॉक्टरला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उमेदवार तिघे होते. पहिले मालगुजार, म्हणजे गावाचे जुने जमीनदार. मालगुजारी कायद्याने जाऊन काही वर्षं झाली होती, पण गाव त्यांना मालगुजारच म्हणे आणि तेही त्या हाकेला ओ देत. भावाने त्यांना शब्द दिलेला होता. त्यांचे कागद तो गावोगाव चिकटवत फिरला होता. ते मोटारीतून आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "तुमचा भाऊ माझा उजवा हात होता." शेजारी त्यांचा दिवाणजी बसला होता. त्यालाही ते याच हाताच्या जागी ठेवत असावेत, कारण तो जरा चुळबुळला.

वहिनी आतल्या दाराआड बसलेली. तिथूनच तिने विचारलं, "मालक, नाक्याची चाबी राती कोणापाशी राह्यते?"

मालगुजारांनी दिवाणजीकडे पाहिलं. दिवाणजीने छपराकडे पाहिलं.

"बाई," मालगुजार म्हणाले, "आपण निवडून आलो का नाकाच राहणार नाई."

दुसरे चांद्याचे वकील. त्यांना वहिनीने तेच विचारलं. त्यांनी इंग्रजांच्या जंगल धोरणापासून सुरुवात केली. बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडला, पण सुतकाच्या घरचं पाणी चालत नाही, म्हणून ते स्वातंत्र्यापर्यंत येऊन थांबले. सुतकाचा हा उपयोग कोणत्याही ग्रंथात दिलेला नाही.

तिसरा मोहफुलांचा व्यापारी. तो का उभा राहिला हे त्यालाही नीट सांगता येत नसे. निवडणुकीत त्याला चिन्ह मिळालं होतं तराजू, आणि ते ऐकून आठवडी बाजार दोन आठवडे हसत होता, कारण त्याचा काटा हलका असतो हे पोरासोरांना ठाऊक होतं. तो सायकलवर आला. भावाविषयी फार काही बोलला नाही. त्याची फारशी ओळखही नव्हती.

वहिनीने विचारलं, "भाऊ, नाक्याची चाबी राती कोणापाशी राह्यते?"

"मले मालूम नाई, बाई."

"काऊन? तुमच्या तं गाड्या जातेत तिकून."

"दिवसा जातेत. राती कधी काम नाई पडलं." तो उठला. "इचारून सांगतो."

तो गेल्यावर शेजारचे म्हातारे काका म्हणाले, "आता हा काय सांगते. हा पावशेर सांगन तं छटाक निघन." आम्ही हसलो. सुतकाच्या घरात हसू नये असं नाही, फक्त ते लवकर संपतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी ओसरीवर चढला नाही. सायकल धरून अंगणातच उभा राहिला.

"इचारलं," तो म्हणाला. "नाकेदार एक चाबी घरी घेऊन जाते. त्याचं घर नाल्यापल्याड. दुसरी चाबी हाय. नाक्यामागं झाडीत जे कोठार हाय, तिथी खिळ्याले टांगून राह्यते. चौकीदार तिथीच झोपते. हाक मारली का तो खोलून देते. नियमच हाय तसा, बिमार माणसासाठी."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. "किती दूर हाय ते कोठार?"

व्यापाऱ्याने सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "हाक आयकू जाईन, इतकं."

काकांनी तोंडातली सुपारी थुंकायला बाहेर जायचं निमित्त काढलं. व्यापारी सायकल वळवून निघून गेला. मत मागायचं तो विसरला, की त्याला ते बरं वाटलं नाही, कोण जाणे.

मला वाटलं, हे न कळतं तर बरं होतं. तसं मी वहिनीला म्हणालोही.

"काऊन?" ती म्हणाली. "उद्या कोणाची गाडी जाईन त्या रस्त्यानं."

मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "भाऊजी, बाईले मत हाय ना? का माणूस गेल्यावर जाते?"

"आहे. माणसाचं मत माणसाबरोबर गेलं. तुमचं तुमच्यापाशी आहे."

"मंग मी जातो."

दहावं व्हायच्या आधी नवी विधवा घराबाहेर पडत नसे. मतदान शाळेत होतं. सकाळी शाळेच्या ओट्यावर त्यावरच चर्चा बसली आणि मी आजवर ऐकलेल्या राज्यशास्त्रावरच्या व्याख्यानांपेक्षा ती बरीच मुद्द्याला धरून चालली.

"तिचा हात लागन पेटीले. मंग आपला लागन," एक जण म्हणाला.

"पेटी लोखंडाची हाय," काका म्हणाले. "लोखंडाले सुतक नाई लागत."

"अन चिठ्ठी?"

"चिठ्ठी सायबाची."

"सायेब कुठचे?"

"नागपूरचे."

"मंग त्यायले आपलं सुतक कायले लागन."

मतदानावर आलेला साहेब हे सगळं ऐकत होता. त्याने कायद्याचं पुस्तक उघडलं, सुतकासंबंधी त्यात काही सापडलं नाही, आणि त्याने ते मिटलं.

गाडं अडलं ते दिवाणजीने सोडवलं. तो मालगुजारांच्या वतीने दाराशी बसला होता. "येऊ द्या बाईले," तो मोठ्याने म्हणाला. "गेलेल्या माणसाचा शब्द हाय तो. शब्द पुरा झाला तं त्याच्या जिवाले शांती भेटन." ठरलं ते एवढंच, की तिने सर्वांच्या शेवटी यावं.

मी आधीच मत देऊन आलो होतो; सुतक मलाही होतं, पण ते ओट्यावर कोणाला आठवलं नाही. तेव्हा चिठ्ठीवर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी सोडायची. एका पेटीवर कोणीतरी कुंकू वाहिलं होतं. मी कोणत्या पेटीत चिठ्ठी टाकली ते मला आठवत नाही. इतकं वाचलेल्या माणसाच्या बाबतीत हे खोटं वाटेल, पण तसं आहे. आत अंधार होता आणि पेटीचं लोखंड हाताला गार लागलं, एवढं आठवतं.

दिवस कलला तेव्हा वहिनी पांढऱ्या लुगड्यात, पदर पुढे ओढून आली. ओटा आपोआप रिकामा झाला. साहेबाने तिच्या बोटाला शाई लावली. ती पडद्यामागे गेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा दिवाणजी हात जोडून म्हणाला, "भाऊचा शब्द राह्यला, बाई."

"त्यायचा शब्द त्यायनं देल्ला होता," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली. दिवाणजीला ते पटलं. त्याने मान डोलावली.

वाटेत मी तिला विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

"तराजूत टाकली."

"वहिनी, त्याचा काटा खोटा आहे."

"मालूम हाय."

"मग?"

"त्यानं इचारलं. बाकीच्यायले सगळंच मालूम होतं." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "काट्याचंही इचारीन त्याले. ज्याले मत देल्लं त्यालेच इचारता येते ना?"

या प्रश्नावर माझ्या पेटीत जाडजूड पुस्तकं होती.

दहाव्याच्या दिवशी बायकांनी तिला नदीवर नेलं. सगळं धुतलं जातं त्या दिवशी. शाई गेली नाही. एका म्हाताऱ्या बाईने राखेने घासून पाहिलं, मग चिंचेने. "असू दे," वहिनी म्हणाली. सुतक फिटलं की नाही यावर नदीकाठी थोडी कुजबुज झाली, पण ऊन चढलं होतं, आणि बायका घरी आल्या.

मालगुजार निवडून आले. वाजंत्री आमच्या दारासमोर थोडी हळू वाजली, एवढं त्यांनी पाळलं. नाका राहिलाच. व्यापाऱ्याचं डिपॉझिट गेलं असं म्हणत. मात्र नाक्याच्या दांड्यावर डांबराने काढलेला एक बाण दिसू लागला, झाडीतल्या कोठाराकडे. तो कोणी काढला हे मी नाकेदाराला विचारलं. "एक जण चाबीचं इचारत आला होता," तो म्हणाला, "मंग मलेच वाटलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मोह वेचून, वाळवून झाला होता. वहिनीबरोबर मी बाजारात गेलो. तिने टोपली व्यापाऱ्यासमोर ठेवली. त्याने फुलं पारड्यात ओतली, दुसऱ्यात वजनं टाकली आणि तराजू जमिनीपासून वीतभर उचलला.

"वर धरा, भाऊ," वहिनी म्हणाली. "मले दिसू द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या नखाच्या टोकाला काळी रेघ अजून राहिली होती. मग त्याने हात खांद्यापर्यंत वर नेला आणि पारडी डोलायची थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.