पहिल्या फटक्यात सुरू झालेली गाडी

आमची गाडी मी डोळे मिटूनही ओळखतो, असं मी त्या रविवारपर्यंत दिवसातून दोनदा तरी म्हणत असे.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पांढरी, माझ्याच वयाची आणि माझ्यासारखीच सकाळी लवकर सुरू न होणारी. अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून असताना त्यांनी ती घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी! त्यामुळे तिच्याबद्दल वाकडं बोललेलं त्यांना खपत नाही. पण वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली : 'पार्किंग क्र. ४ मधील वस्तू (मालक तिला गाडी म्हणतात) महिनाअखेर हलवावी.'

अप्पांनी अन्नत्याग केला. (म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा भात मागितला नाही.) तेवढ्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याची बातमी कळली. तासाभरावरच्या एका पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी मेळावा, आणि उत्तम निगा राखलेल्या गाडीला मानाची फीत! ती फीत बॉनेटवर मिरवत आणली की सेक्रेटरी गप्प आणि गाडी वाचली.

आम्ही चौघं निघालो. मी, अप्पा, बायको संगीता आणि कॉलेजात जाणारी मुलगी सुजाता. गाडी चिंचेखाली बाकीच्या जुन्या गाड्यांच्या रांगेत लावली. परीक्षण तीन वाजता, पलीकडच्या मैदानात. मधल्या वेळात किल्ला बघून येऊ म्हटलं.

किल्ल्यावर दीड भिंत आणि एक कोरडं टाकं होतं.

"अहो, एवढं चढून हेच बघायचं होतं?" संगीता म्हणाली.

"इतिहास आहे तो!"

"इतिहासाला सावली असती तर बरं झालं असतं."

भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन जरा आडवं व्हावं, ही सूचना माझी. उठलो तेव्हा पावणेतीन! चटणीचा डबा झाकायलाही न थांबता आम्ही धावत सुटलो. चिंचेखाली आलो, किल्ली लावली, दार उघडलं, सगळ्यांना आत कोंबलं आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली!

"बघा! काल कार्बोरेटर साफ केला, त्याचा परिणाम!"

"आणि दार एकदाच आपटून कसं लागलं?" संगीताने विचारलं.

"तेल घातलं होतं."

"बाबा, काच खाली जातेय! आपली काच कधीच खाली जात नाही!"

"तेच तेल."

"आणि डॅशबोर्डवरची आपली बुद्धमूर्ती कुठे गेली?"

"उन्हानं डिंक सुटला असेल. सीटखाली बघू नंतर."

अप्पा मागून हळूच म्हणाले, "अरे, ही माझी नाही वाटत."

"अप्पा, तुम्हाला ऊन लागलंय. पाणी प्या!"

मैदानात परीक्षक गाडीभोवती फिरले आणि खूश झाले. मी निगा राखण्यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मग त्यांनी कागदपत्रं मागितली, मी खिशातून काढून दिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कागदावरचा नंबर आणि गाडीचा नंबर वेगळा आहे हो."

"मग कागद चुकला असणार! सरकारी काम आहे साहेब, चालायचंच!"

"सरकारी कागद चुकत नसतो," अप्पा ताठ होत म्हणाले. हे मात्र त्यांना अगदीच खपलं नाही.

इतक्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून सहा माणसं एक पांढरी गाडी ढकलत आली. आरसा सुतळीनं बांधलेला, एका बाजूला कललेली, मध्येच खोकल्यासारखा आवाज काढणारी. विषय बदलायची संधी मी कशी सोडणार?

"काय साहेब, असली भंगारं कशाला आत घेता? मेळाव्याची शोभा जाते!"

परीक्षक हसले. सुजाता हसली नाही.

"बाबा," ती कानाशी येऊन म्हणाली, "त्या भंगारात आपली बुद्धमूर्ती आहे."

गाडीमागून कडक इस्त्रीचा, आता घामानं भिजलेला सदरा घातलेले एक गृहस्थ पुढे आले.

"आपण मालक का?"

"हो... म्हणजे... कुठल्या गाडीचे?"

"तेच ठरवायला आलोय. माझी गाडी जागेवर नाही आणि शेजारी तिची जुळी बहीण उभी. म्हटलं, या जुन्या कुलपांना कुणाचीही किल्ली लागते, तुमची माझ्या गाडीला लागली असणार. माझी तुमच्या गाडीला लावून बघितली, लागली. पण किल्ली लागली म्हणजे गाडी चालते असं नाही, हे आपल्याकडून शिकलो."

मी शंभरदा माफी मागितली. त्यांनी सीटवर सांडलेल्या चटणीकडे पाहिलं. "राहू द्या. प्रवासवर्णन आहे ते."

फीत त्यांनाच मिळाली. निगा राखण्याचं व्याख्यान फारच उत्तम झालं, असं परीक्षकांनी मला मुद्दाम सांगितलं.

संध्याकाळी धक्के मारत सोसायटीत पोचलो. सेक्रेटरी फाटकातच उभे.

"काय अप्पासाहेब, मिळालं बक्षीस?"

"मिळत होतं," अप्पा शांतपणे म्हणाले, "पण गाडी परत करावी लागली."

अप्पांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. एवढं हसताना सेक्रेटरींना सोसायटीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोर्डावरची जुनी नोटीस गेली होती. गाडी वाचली! अप्पांनी दुसऱ्यांदा भात घेतला. नवी नोटीस मात्र अजून तिथेच आहे :

'पार्किंग क्र. ४ मधील वस्तू राहू द्यावी. मात्र आत बसण्यापूर्वी ती आपलीच असल्याची चिरंजीवांनी अप्पांकडून खात्री करून घ्यावी.'