खांडीवरचा पाऊण तास

हिरा गेली त्या दुपारी आम्ही दोघं ओट्यावर सुकट निवडत बसलेलो. "उद्या एकादशी आहे, आजच खाऊन घ्या," ती म्हणाली. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा हॉस्पिटलला पोचायच्या आत ती गेली. एक्केचाळीस वर्षांचा संसार. त्यावर जास्त लिहीत नाही.

दोन महिन्यांनी नौपाड्यातले एक सर घरी आले. रिटायर शिक्षक. लोकांना जुन्या जागा दाखवायला नेतात. बाळकुमखालची बंद मिठागरं दाखवायला त्यांना तिथे काम केलेला माणूस हवा होता. मी तीस वर्षं केलंय, शेवटी मुकादम होतो. शाळा चौथीपर्यंत. घरात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून हो म्हटलं.

अडचण एकच. आत जायच्या बांधाला खांड पडलीय, म्हणजे वीसेक पावलं बांध वाहून गेलाय. ओहोटीला चिखलातून चालत जाता येतं. भरती चढली की खांड भरते आणि आतला माणूस संध्याकाळपर्यंत आतच. सावली नाही, प्यायला पाणी नाही. घाई करून उतरला तर ओढ त्याला खाडीत नेते.

भरतीची वेळ आम्ही तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता मुंबईला भरती. आमचा भाग खाडीत आत, म्हणून वर एक तास. रविवारी जायचं ठरलं, त्या दिवशी चतुर्थी. म्हणजे तीन अधिक एक, चार वाजता. खांड त्याच्या अडीच तास आधी भरायला लागते. म्हणजे दीडला. आम्ही एकला बाहेर पडणार होतो.

"मोबाईलवरपण भरतीची वेळ येते," सर म्हणाले. "बघून घेऊ का?"

"मोबाईल कधी चिखलात उतरलाय का?" मी म्हटलं. सरांनी मोबाईल खिशात ठेवला.

रविवारी अकरा जण आले. सगळ्यांना खांडीपलीकडे नेलं. आता तिथे तिवरांचं रान आहे, पण नीट बघितलं की चौकोन दिसतात. त्यांना सांगितलं, ही उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. भरतीला उघडायचं, पाणी आत घ्यायचं, बंद करायचं. मग एका कोंडीतून, म्हणजे चौकोनी वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हाने आटवायचं. शेवटच्या कोंडीत मीठ धरतं. बायका ते पाट्यांतून डोक्यावर वाहायच्या आणि बांधावर रास घालायच्या. हिरापण वाहायची. तिथेच मी तिला पहिल्यांदा बघितलेली.

"बंद का पडलं?" एका मुलीने विचारलं.

"बांध दरवर्षी चिखल लावून बांधावा लागतो. शेठला ते नको झालं. एक पावसाळा सोडला की खाडी आत येते. दुसरं काय."

साडेबाराला सगळे राशीच्या जागेवर डबे काढून बसले. मोहिते नावाच्या बाई होत्या, साठीच्या. सरांनी त्यांना अंड्याची पोळी दिली. "द्या द्या," त्या म्हणाल्या, "उद्या संकष्टी. आज काय ते खाऊन घेते."

मी विचारलं, "संकष्टी आज ना?"

"नाही हो काका. आज तृतीया. उद्याच्या साबुदाण्याचं सामान आणून ठेवलंय मी."

घरात तिथी हिरा सांगायची. पौर्णिमा, एकादशी, संकष्टी, सगळं तिच्या उपासांवरून मला कळायचं. आता ती नाही, म्हणून या वेळी मी खिडकीतून गोल चंद्र बघितला, ती पौर्णिमा धरली आणि तिथून बोटं मोजली. चतुर्दशीचा चंद्रपण गोलच दिसतो. मी एक दिवस पुढे होतो. म्हणजे भरती पाऊण तास आधी, सव्वातीनला. खांड पावणेएकला भरणार, आणि आम्ही तिथून वीस मिनिटं लांब.

"डबे बंद करा. उठा," मी म्हटलं.

"अहो काका, आताच तर बसलो."

"उठा म्हणतो ना."

खांडीवर पोचलो तेव्हा पाणी पोटरीपर्यंत आलेलं, आणि ओढ लागलेली. सगळ्यांना हात धरायला लावले. खांडीच्या तळाला जुन्या उघाडीचे दगड आहेत. ते कुठे आहेत ते माझ्या पायांना माहीत. मी मध्ये त्या दगडावर उभा राहिलो आणि एकेकाला पुढे सारलं. मोहिते बाईंची चप्पल गेली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, जुनीच होती." सर शेवटी आले, तेव्हा पाणी मांडीला लागलेलं. पाच मिनिटांनी आम्ही ज्या बाजूने आलो तिकडे नुसती खाडी होती.

बांधावर मी मोजले. अकरा आणि सर. परत मोजले. मग खाली बसलो. इतकं हलकं मला दोन महिन्यांत वाटलं नव्हतं.

"काकांमुळे वाचलो," सगळे म्हणत होते. मी काही बोललो नाही. तेवढं मात्र चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून नौपाड्याला गेलो. सर पेपर वाचत होते.

"सर, काल चूक माझी होती. तिथी चुकली. मला वाटायचं पाण्याची वेळ मला कळते. ती हिराला कळायची. मी नुसता गुणाकार करायचो."

सरांनी पेपर खाली ठेवला. "मी मोबाईलवर बघितली होती आपल्या खाडीची वेळ," ते म्हणाले. "सव्वातीन. तुमच्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही."

"मग तुम्हीपण गाढव," मी म्हटलं.

सर हसले. त्यांनी आत चहा सांगितला आणि विचारलं, पुढची माणसं कधी नेऊ या. मी म्हटलं, "तुम्ही वेळ बघा. मी ओरडलो तरी बोला."