पितांबराचे ठिपके

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात, रिकाम्या फळ्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीत वैजयंती डोळे मिटते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. उजव्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी तशीच आहे. पिशवी घालून गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला की डोळ्यांना न दिसणारा कणही बोटांना लागतो. मांडीवर शाडूचा ओला गोळा आहे. रंगाचे कण मातीने निघतात ना, मग आपली माती काय वाईट, असं म्हणत नवऱ्याने, जगदीशने, तो आणून दिलाय. बॉनेटभर पिवळे ठिपके आहेत, मूर्ती रंगवताना स्प्रेगनमधून उडालेले. उद्या तिचं पहिलं भाडं, तेही नवरीची गाडी. नवरीचा बाप संध्याकाळी गाडी बघायला येणार. ठिपके दिसले की तो दुसरी गाडी ठरवणार, आणि बाईला हा धंदा जमायचा नाही म्हणणाऱ्या आळीला तोंडसुख घ्यायला निमित्त मिळणार.

पुढचं दार उघडतं. दारावर एक रुंद अंगठा आहे, जुन्या जखमेची आडवी भेग असलेला. हे तिचे सासरे. चाळीस वर्षं मूर्ती रंगवल्या, गेल्या गणपतीआधी गेले, आणि सुनेने गाडी घेतल्यापासून तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत.

"मामंजी, मागे बसा," ती म्हणते.

"मला मागे बसवतेस?"

"गाडी माझी आहे."

ते कुरकुरत मागे बसतात. चावी न लावताच गाडी चालू लागते. दोन्ही बाजूंनी फळ्या सरकतात, आता त्यांवर मूर्तीच मूर्ती आहेत, डोळे आखायचे राहिलेल्या. मग फळ्या नसतात, नदीवरचा पूल असतो, आणि त्याच मूर्ती कठड्याला टेकून तिचं ड्रायव्हिंग बघायला उभ्या असतात.

"ते ठिपके काढू नकोस. पितांबराचा रंग आहे तो, देवाचा."

"देवाचा देवाला असू दे. माझ्या गाडीवर नको."

"माझ्या हातचा शेवटचा आहे गं."

हे मात्र तिला लागतं. त्या हातावर तिचा फार जीव होता. पण स्टिअरिंगवरची पकड ती सैल करत नाही.

"त्या दिवशी वारा गाडीकडे होता, मामंजी. वारा न बघता तुम्ही जन्मात कधी स्प्रेगन धरलीत?"

पूल संपून लग्नाचं कार्यालय लागतं, गाडी पंगतींमधून जाते आणि जेवणारं कुणी मानसुद्धा वर करत नाही.

"मुद्दाम मारला," ते म्हणतात. "म्हटलं, गाडी विटली की घरात बसशील."

"मी घरात बसणाऱ्यातली वाटले तुम्हाला? एकूण एक ठिपका काढणार."

"आठवणीला एक तरी ठेव."

"एकही नाही. रडले तुमच्यासाठी, तेवढं पुरे."

ते हसतात. जिवंतपणी तिच्यासमोर असे कधी हसले नव्हते. पुढे वाकून तिच्या मांडीवरचा गोळा ते अंगठ्याने दाबून बघतात.

"मग ही माती लावू नकोस. शाडूत बारीक कण असतो, चकाकी जाऊन ओरखडे उठतील. गाड्यांची वेगळी मऊ माती मिळते, ती आण. साबणाचं पाणी मार, हलक्या हाताने फिरव. जन्म गेला माझा मातीत, मला विचारायचं होतंस."

"तुम्ही बोलत होता का माझ्याशी?"

उत्तराआधीच तिला जाग येते. फळ्या रिकाम्या आहेत, मागची सीटही रिकामी आहे. मांडीवरच्या गोळ्यावर मात्र एका रुंद अंगठ्याचा ठसा आहे, मधून आडवी भेग गेलेला. तिचा हात तर अजून पिशवीतच आहे.

"अहो!" ती जगदीशला हाक मारते. "ही माती नको. स्पेअर पार्टवाल्याकडे गाडीची माती मिळते, ती आणा. आणि बादलीत साबण कालवा. एक ठिपका ठेवायचा नाहीये."

मग खाली वर्तमानपत्र घालून तो गोळा ती मागच्या सीटवर ठेवते, ठसा न मोडता.

"बसा," ती म्हणते. "पण मागेच."