खिळ्यावरची किल्ली

सकाळचे अकरा चाळीस. शाळेच्या बसचा चालक बसच्याच पायरीवर बसला आहे. मानेवर, हातांवर लालभडक गांध्या. गॅरेजच्या छपरातलं गांधीलमाश्यांचं पोळं झाडूने पाडायचा पराक्रम त्याने केला होता.

रुग्णवाहिकेवरची ताई दुसऱ्यांदा रक्तदाब मोजते, छातीला नळी लावते, जीभ बघते. सूज नाही, घरघर नाही. श्वास अडला असता तर आधी ॲड्रेनलिन. ते हाताशी आहेच. सध्या अ‍ॅलर्जीचं साधं इंजेक्शन पुरे. ती ते सावकाश देते आणि हात पुढे करते. "किल्ली."

दीडला शाळा सुटते. अकरा वर्षांत आपली एकही फेरी चुकलेली नाही आणि खाज तर उतरायला लागलीच, असं तो पटवून सांगतो.

ताईला या कामात एकोणतीस वर्षं झाली. पहिली नऊ तिने कंपाउंडरकाकांच्या हाताखाली काढली. काका चहा कायम दुसऱ्याच्या कपातला प्यायचे आणि म्हणायचे, हे औषध आधी खाज झोपवतं, मग माणूस. एकदा त्यांच्याच अंगावर पित्त उठलं. त्यांनी स्वतःला टोचून घेतलं, रुग्णवाहिकेचा चालक रजेवर म्हणून गाडीही स्वतःच आणली आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आदळवली. फुटला तो फक्त चष्मा. भिंतीतला खळगा मात्र त्यांनी बुजवू दिला नाही; त्यातच खिळा ठोकला. तेव्हापासून हे इंजेक्शन घेतलेल्या चालकाची किल्ली तिथे लटकते. काका जाऊन बारा वर्षं झाली. रंगारी अजून खळगा सोडून रंग लावतात.

"ताई, मी काय प्यायलोय का?"

"प्यायला असतात तर वास तरी आला असता."

त्याने खिशातून किल्ली काढली. मग त्याने दुसऱ्या बसवाल्याला फोन केला, ज्याला तो एरवी कासव म्हणतो, आणि आपल्या बसमधलीही मुलं सोडायला सांगितलं. किल्ली ताईच्या हातावर ठेवली. दवाखान्याच्या वाटेवर, कासव कुठल्या वळणावर चुकेल हे सांगता सांगता, वाक्य अर्धवट टाकून तो घोरायला लागला.

संध्याकाळी किल्ली खिळ्यावर होती. ती परत द्यायची ताईनेच, आणि तिची पाळी उद्या सकाळी सातला सुरू होते. त्याची पहिली फेरी सात वीसची आहे.